कुंकू दाखवणारी काच

माझा फोटो नाही. फोटोवाल्याची बायको मी, लोणावळ्यातल्या निम्म्या भिंतींवरची माणसं आमच्या मोरीत धुऊन निघालेली, आणि माझा म्हणून कुंकवासकट एक फोटो घरात नाही. कुणी विचारलं की मी सांगते, काच संपली. समोरचा म्हणतो, संपली म्हणजे काय, दुसरी आणायची. आता त्याला काय सांगायचं? त्या काचा यायच्याच बंद झाल्या होत्या. बंद झालेली काच पुन्हा करता येते का असं विचारलंत, तर त्याचं उत्तर माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. पण मग पहिल्यापासून ऐकावं लागेल.

मी वडगावची. लग्न होऊन लोणावळ्याला आले तेव्हा फोटो काचेवर निघायचे. वहीच्या पानाएवढी काच आणि तिच्या एका अंगाला दुधाच्या सायीसारखा लेप. विलायतेहून डझनाडझनाने यायच्या, लाल पुठ्ठ्याच्या पेटीत. पेटीवरचं इंग्रजी नाव मला वाचता यायचं नाही. घरात सगळे लाल पेटीच म्हणत. आमच्याकडे पावसाळ्यात चपलांवरसुद्धा बुरशी चढते, तिथं काचांचं काय घेऊन बसलात! म्हणून त्या पेट्या पत्र्याच्या ट्रंकेत, ओल शोषणाऱ्या चुनकळीच्या पुरचुंड्यांमध्ये ठेवायच्या. ती ट्रंक माझ्या पलंगाखाली असे आणि तिची किल्ली माझ्या कमरेला. सासूबाईंना याचं फार लागायचं.

काच धुवायची खोली म्हणजे मागची जळणाची खोली. खिडकीला काळं कापड ठोकलेलं. त्या काचांना तांबडा उजेड चालत असे, म्हणून लाल भिंगाचा एक कंदील खुंटीला टांगलेला. घरात सासूसासरे, दोन दीर, येऊनजाऊन असलेली नणंद. नवराबायकोनं दिवसाढवळ्या चार वाक्यं बोलायची तर चोरी. पण काच धुताना दार उघडायचं नाही, हा नियम खुद्द सासऱ्यांनी घालून दिलेला. मग काय! ह्यांना मदतीला माणूस हवंच असे, आणि मी हात धुऊन तयार. आमचा संसार त्या जळणाच्या खोलीत झाला म्हणा ना.

पहिल्यांदा आत गेले त्या दिवशी हे माझ्याकडे बघून दचकलेच. म्हणाले, कुंकू लावायला विसरलीस की काय. मी तर सकाळी न्हाऊन चांगलं ठसठशीत लावलेलं. बाहेर येऊन आरशात बघितलं, तर आहे जागच्या जागी. पुन्हा आत गेले, तर नाही! तांबड्या उजेडात तांबडं कुंकू दिसतच नाही, कातडीत विरघळून जातं. ह्यांना ते ठाऊक होतं, मेले मुद्दाम दचकले होते. त्या दिवसापासून खोलीत शिरलं की हे विचारायचे, "कुंकू कुठाय?" आणि मी म्हणायची, बाहेर ठेवून आले.

लाल पेटीतल्या काचेचं याच्या बरोबर उलट. तिला तांबडं दिसायचं नाही, म्हणून तांबडं ते काळं. फोटोत कुंकू असं काळंभोर यायचं की दाराबाहेरून ओळखावं. चेहरेही जरा काळवंडायचे, मुंबईहून हवा खायला आलेल्या गोऱ्या बाया कुरकुर करायच्या. पण आमच्या मावळातल्या बायांचं एकच म्हणणं असायचं, रूप कसंही येऊ दे, कुंकू नीट येऊ दे.

माझा फोटो काढायचं हे लग्नापासून म्हणत होते. आज गिऱ्हाईक आहे, उद्या ऊन नाही, परवा नणंदेचं डोहाळजेवण. मीही म्हटलं, घरचंच काम आहे, पळून जातंय थोडंच. अशी दहा-अकरा वर्षं गेली.

मग लढाई आली. विलायतेचा माल पातळ झाला, आणि एक दिवस पुण्याच्या व्यापाऱ्याचं पत्र आलं की लाल पेटी आता मिळायची नाही. लढाईमुळे नव्हे, कारखान्यानं ती जातच बंद केली होती. आता सगळे रंग बघणारी नवी फिल्म निघाली होती, तीच घ्यावी. ह्यांनी ते पत्र तीनदा वाचलं. घरातलं कुणी गेल्यासारखे दिवसभर वावरत होते. माझ्या मनात आलं, काचच ती, एवढं काय. तेव्हा मला अक्कल नव्हती.

नवी फिल्म आली आणि पहिल्यांदा आमचा कंदील विझला. तिला तांबडा उजेडही चालेना. तिचं काम ठार अंधारात, हाताच्या चाचपणीनं, आणि त्याला दुसरं माणूस अडचणीचंच. म्हणजे माझी खोलीतून हकालपट्टी! दुसरं गाऱ्हाणं गिऱ्हाइकांचं. ही फिल्म सगळं बघायची, तांबडंसुद्धा, म्हणून फोटोत कुंकू कातडीच्याच रंगाचं यायचं. नीट निरखलं तर पुसटसा डाग. लोक फोटो परत आणून द्यायला लागले. काहीतरी हिरवी काच कॅमेऱ्यापुढे धरली की कुंकू येतं म्हणे, पण ती काच लोणावळ्यात कुठून आणायची?

ट्रंकेत लाल पेटीतली एकच काच उरली होती. ह्यांनी ती काळ्या कागदात गुंडाळून वेगळी ठेवली आणि मला सांगितलं, ही तुझी. थंडी सरली, ऊन चढलं की काढू. मी नवं लुगडं नेसून मनातल्या मनात चारदा तरी त्या खुर्चीवर बसले असेन.

अशात कार्ल्याकडची एक मावशी आली. शेतकरीण बाई, हाडापेरानं मजबूत, बरोबर विशीची सून. सुनेचा नवरा पलटणीत, समुद्रापार कुठंतरी लढाईवर. त्यानं पत्रात लिहिलं होतं की बायकोचा फोटो धाडा. आठवड्यापूर्वी ह्यांनी नव्या फिल्मवर तो काढून दिला होता. मावशीनं तो फोटो पदराखालून काढला आणि ह्यांच्याकडे न बघता माझ्यापुढे धरला. फोटोतलं कपाळ कोरं.

"बाई," ती म्हणाली, "पोरगा जित्ता असताना त्याला ह्ये दावायचं व्हय?"

ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. घाईघाईनं कुंचला उचलला, म्हणाले, आत्ता शाईनं टिकली देतो. मावशीनं असं बघितलं की हात तिथल्या तिथं थांबला. परक्या बाप्यानं तिच्या सुनेला कुंकू लावायचं? मग मी म्हटलं, मी लावते, मी सवाष्ण आहे. मावशी जरा निवळली, पण तिनं विचारलं की तिकडं पाऊसपाणी असणार, पोरगा खिशात ठेवणार, घामानं शाई पुसली तर? पुसलेलं कुंकू त्याच्या हाताला लागलं तर? मी सुनेला फोटोपुरतं काजळ लाव म्हणून सुचवायला गेले, तर कपाळाला काळं फासू का म्हणून माझ्याच अंगावर आली.

मी तिला आणि सुनेला हाताला धरून जळणाच्या खोलीत नेलं. कंदील लावला, दार लोटलं आणि म्हटलं, मावशी, आता सुनेकडे बघा आणि माझ्याकडे बघा. ती बघत राहिली. दोघींची कपाळं कोरी. सून घाबरून माझ्या कपाळाला हात लावून बघायला लागली. मग दार उघडलं, तर दोघींची कुंकवं होती तिथंच. मी सांगितलं की कुंकू कुठं जात नाही, या फिल्मला ते कातडीपेक्षा वेगळं दिसत नाही एवढंच. मावशी शहाणी होती, तिला पटलं. ती ओट्यावर बसली.

"मला समजलं," ती म्हणाली. "पर त्याला तितं कोन समजावंल? त्याच्याजवळ कागुदच असनार."

सून भिंतीला टेकून उभी होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. मी घरात गेले, पलंगाखालची ट्रंक ओढली, काळ्या कागदातली काच काढून ह्यांच्या हातात दिली. हे म्हणाले, अगं, ही तुझी आहे. मी म्हटलं, माझा नवरा समोर उभा आहे, मला फोटो कशाला? मोठेपणानं बोलून गेले खरी. खोटं कशाला सांगू, ती सून खुर्चीवर बसली, ह्यांनी डोक्यावर काळं फडकं घेतलं, तेव्हा मला इतकं वाईट वाटलं की मी चहा करायचं निमित्त काढून आत निघून आले.

त्या काचेसाठी आम्ही दोघं, शेवटचंच समजून, तांबड्या उजेडात उभे राहिलो. काचेवर काळ्याचं पांढरं होतं, तशी ती हळूहळू उमटली. काळा चेहरा, पांढरे केस, आणि कपाळावर काचेतून आरपार दिसणारा नितळ ठिपका. कागदावर तोच काळाभोर होणार. ह्यांनी मला विचारलंच नाही कुंकू कुठाय म्हणून. काच पाण्यात हलवत म्हणाले, "ही काच मी पुन्हा करीन. तुझ्यापुरती एक."

आणि नाद लागला. ह्यांनी पुण्याच्या एका ओळखीच्या मास्तरांकडून इंग्रजी पुस्तक आणलं, उतरवून घेतलं. लेप कशाचा असतो? जिलेटिन, एक पांढरा क्षार, आणि चांदी. चांदी तेजाबात विरघळवून तिचं मीठ करायचं. लढाईत ते मीठ औषधाच्या दुकानातही मिळेना, म्हणून मी माहेरचे पैंजण काढून दिले. सोनारानं ते शुद्ध करून दिले, हळहळत. त्याला वाटलं, घरात काही अडचण आहे.

माझी खोलीत पुन्हा नेमणूक झाली, कारण ह्या लेपालाही तांबडा उजेड चालायचा. खरं सांगू का, चांदी गेली त्याचं मला तेवढं काही वाटलं नाही. कंदील पुन्हा लागला होता. हे चांदीचं पाणी थेंबथेंब सोडायचे आणि मी कोमट जिलेटिन काचेच्या कांडीनं ढवळायची, गुठळी होऊ न देता. ते मला पुस्तकाशिवाय येत होतं. मग ते थंड करून घट्ट झालं की त्याच्या शेवया पाडून गार पाण्यात धुवायच्या, असं पुस्तकात होतं. शेवया म्हटल्यावर मी लगेच पितळी सोऱ्या घेऊन हजर. छान बारीक शेवया पडल्या, आम्ही दोघं खूश. त्या लेपाच्या आठही काचा धुतल्यावर तव्यासारख्या काळ्या निघाल्या. त्या लेपाला पितळ लागलेलं चालत नाही, हे पुस्तकाच्या पुढच्या पानावर होतं, आणि ह्यांनी पान उलटायच्या आधी मी सोऱ्या फिरवून मोकळी झाले होते. एका पैंजणाची चांदी त्यातच गेली.

पुढच्या खेपेला श्रीखंडाचा चक्का बांधायच्या मलमलीतून शेवया काढल्या. त्या जमल्या, पण काचेवर लेप पसरायला ह्यांना येईना. शेवटी मीच घावन घालतात तसा ओतून, काच चारी बाजूंनी कलती करून पसरला. कधी बुडबुडे राहायचे, कधी सुकताना तडे जायचे, कधी सगळं ठीक आणि धुताना साय निघावी तसा अख्खा लेप सुटून ताटलीत तरंगायचा. दर खेपेला मी न्हाऊन, लुगडं नेसून खुर्चीवर बसायची आणि दर खेपेला माझं तोंड कुठंतरी वाहून जायचं. सातव्या की आठव्या खेपेनंतर मी कानाला खडा लावला. म्हटलं, मी आता बसायची नाही, तुमची काच आधी शहाणी होऊ द्या. तेव्हापासून हे कॅमेरा मागच्या खिडकीत ठेवून परसाच्या कौलांवर काच तपासायचे. लाल कौलं काळी आली की अर्धं काम झालं.

बिघडलेल्या काचा टाकायची मात्र सोय नव्हती, कोरी काच तरी कुठं मिळत होती! हे त्या काचा मोरीपाशी लाकडी घडवंचीत उभ्या करून ठेवायचे. सोमवारी मी पाणी उकळायची, त्यात मूठभर सोडा घालायची, काचा बुडवून नारळाच्या शेंडीनं घासायची. लेप उतरून नितळ काच निघाली की पुढच्या खेपेला तयार. त्या काचा माझ्या हाताखालून किती वेळा गेल्या असतील, हिशेब नाही. पहिल्यांदा मी एकेक उजेडात धरून बघायची. नंतर नाही. सगळ्या सारख्याच, डागाळलेल्या.

त्या सोमवारी सकाळी मी परसात तांदूळ निवडत बसले होते. पौषातलं कोवळं ऊन, अंगावर घरचंच जुनेर. हे खिडकीत कॅमेऱ्यापाशी कौलांचं काहीतरी करत होते. एकदम म्हणाले, "हलू नकोस. कपाळावर गांधीलमाशी आहे."

मी पुतळा झाले. गांधीलमाशीला मी फार भिते, लहानपणी एकदा डसली होती. श्वाससुद्धा घेतला नाही. ह्यांनी आठ-दहा आकडे जाईपर्यंत मला तशीच बसवलं आणि मग म्हणाले, गेली. मी म्हटलं, हाकलायला काय झालं होतं, नुसते बघत काय बसलात? हे हसले आणि आत गेले.

जेवणाआधी हे खोलीत होते, मला बोलावलं नाही. मीही गेले नाही. सोमवार, माझी कामं पडलेली. जेवून म्हणाले, वडगावला जाऊन येतो, बाजारात काम आहे. पायात चपला घालता घालता उगाचच माझ्याकडे बघून हसले. मला आश्चर्य वाटलं, पण पाणी उकळत होतं.

घडवंचीतल्या बारा काचा मी त्या दुपारी घासल्या. एकीचा लेप जरा चिवट होता, सुटेना. तिला दुसऱ्यांदा सोड्याचं पाणी घातलं आणि नखानं खरवडून काढला. मला तेही आठवतं. बाराही काचा आरशासारख्या झाल्या, कोरड्या फडक्यानं पुसून मी ओळीनं उन्हात लावल्या आणि मनात म्हटलं, कशा लखलखीत निघाल्या.

हे दिवेलागणीच्या आधीच्या गाडीनं आले. काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी. सरळ मोरीकडे गेले. घडवंची रिकामी बघून परत आले आणि विचारलं, इथल्या काचा कुठं आहेत? मी अभिमानानं दाखवल्या. ह्यांनी एकेक उचलून उजेडात धरली. पहिली, दुसरी, तिसरी. बाराही बघितल्या आणि बाराही जागच्या जागी ठेवल्या. मग ओट्यावर बसले. कागदातून चौकट बाहेर आली, सागवानी, काठाला नक्षी. मी विचारलं, ही कुणासाठी?

"ती गांधीलमाशी नव्हती," हे म्हणाले.

मला समजायला जरा वेळ लागला. मग विचारलं, आलं होतं?

"आलं होतं."

"आणि कुंकू?"

"नितळ," हे म्हणाले. "घडवंचीत सुकायला ठेवली होती, आज सोमवार हे डोक्यातच नव्हतं. दुसरीकडे ठेवली असती तर तू बघितली असतीस. मला तुला चौकटीत दाखवायची होती."

चूक ह्यांची की माझी, यावर आम्ही कधी भांडलो नाही. ज्या घरात मिठावरून भांडणं व्हायची, त्या घरात यावर एक शब्द झाला नाही. मी रडले मात्र खूप. हेच मला समजावत राहिले, की काच जमली ना, मग पुन्हा जमेल. पण चांदी संपली होती. दुसरी मिळेपर्यंत पाऊस लागला, आणि पावसाळ्यात लोणावळ्यात लेप सुकत नाही. त्या पावसाळ्यात ह्यांना ताप आला. पंधरा दिवस होते. दिवाळीला मी कुंकवाचा करंडा नणंदेला देऊन टाकला.

लढाई संपल्यावर मावशीचा मुलगा परत आला. बायकोला घेऊन मुद्दाम भेटायला आला होता, बरोबर आंबेमोहोराची गोणी. खिशातून त्यानं तो फोटो काढून दाखवला. कडा गेलेल्या, मधे घडी, एक कोपरा पाण्यानं फुगलेला. कुंकू जसंच्या तसं. ती सून माझ्या कपाळाकडे बघून रडायला लागली आणि मलाच तिला उगी करावं लागलं.

आता मला फोटोतलं जाणणारी माणसं सांगतात की ते जुने लेप पुन्हा होणं नाही, कारखाना गेला की विद्या जाते. मी ऐकून घेते. मी म्हणते, होतात. घावन घालता येत असलं आणि पैंजण काढून द्यायची तयारी असली की होतात. आमच्या मागच्या परसात एका सोमवारी एक काच झाली होती. सकाळपासून दुपारपर्यंत टिकली.

त्या संध्याकाळी बारातली नेमकी कुठली काच ती, हे कळायला काही मार्ग नव्हता. सगळ्या सारख्याच लखलखीत. ह्यांनी त्यांतली एक उचलली आणि आणलेल्या चौकटीत बसवून टाकली. म्हणाले, हीच असेल. ती चौकट अजून माझ्या पलंगासमोर आहे. लेकी म्हणतात, रिकामी चौकट कशाला लावून ठेवलीस. मी रोज ती कोरड्या फडक्यानं पुसते. पाणी लावत नाही.